अनसूया भोगलेचा नंबर

रिटायर होताना हॉस्पिटलनं मावशींना एक गुलाबाचं फूल दिलं
आणि सोळा ठिकाणी सह्या घेतल्या.
मावशींनी मला भिशीची वही दिली,
लिननरूमच्या मागच्या बाकावर,
डब्यातली उरलेली पोळी पुढे करावी तशी.
लाल पुठ्ठा, कडांना एक्सरेच्या फिल्मची पट्टी.

"पैसे मोजशील ते मोठ्यानं मोज.
तू चोर नाहीस हे एकट्या तुला माहीत असून काय उपयोग?"
शिकवलं ते एवढंच.
बाकी म्हणाल्या, वहीत आहे.

वहीत तेवीस वर्षं होती.
दर महिन्याची सात तारीख, ओपीडी सुटल्यावर,
किडनी ट्रेमध्ये चिठ्ठ्या,
उचलायला एखाद्या पेशंटचं पोर.
द्रौपदी मोहिते ही चिठ्ठी ट्रेमध्ये कधीच नव्हती.
भिशी चालवणारीचा नंबर शेवटचा.
मला वाटायचं, म्हातारीला व्यवहार कळत नाही.

पण मी अडकले भलत्याच नावावर.
आम्ही बायका बारा, वहीत नावं तेरा.
अनसूया भोगले.
प्रत्येक पानावर. एकही हप्ता चुकलेला नाही.
सात वर्षं झाली मला इथे,
बाळंतिणींच्या वॉर्डापासून जळीतापर्यंत
सगळ्या आयाबायांना मी चालण्यावरून ओळखते.
ही बाई मी पाहिलेली नाही.

विचारलं तेव्हा मावशी चादरींच्या घड्या घालत होत्या,
शेवटच्या दिवशीसुद्धा.
"अनसूया ना? ती लांब राहते."
"किती लांब?"
"लांब," म्हणाल्या
आणि चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली.

रात्री प्रतीक्षानगरच्या खोलीत
पोरीच्या क्लासची फी बाजूला काढताना आठवलं
माझं पहिलं वर्ष.
बाबांना झटका आला होता, माझे दोनच हप्ते भरून झालेले.
मी कुणाला काही बोलले नव्हते,
फक्त बेडपॅन धुताना नळ जरा जास्त वेळ चालू ठेवला होता.
मावशी आल्या. नळ बंद केला.
"अनसूयेचा नंबर लागलाय, पण तिला यंदा नको म्हणते.
तू घेतेस का?"
मी घेतले.
त्या बाईचं भलं होवो म्हटलं,
आणि मनात हसलेही थोडी,
काय बाई आहे, हातातले पैसे सोडते.

आता दिवा जवळ ओढून पाहिलं.
तिच्या प्रत्येक नंबरापुढे पेन्सिलीनं बारीक एकेक अक्षर.
झु. मं. पुन्हा मं. सि.
आणि एका जुलैत, रे. म्हणजे मी.
काहींपुढे परत केल्याची तारीख.
काहींपुढे नुसती रेघ, रेघेखाली काही नाही.
हप्त्याच्या सहीतला भ फुटका,
मावशी बाजाराच्या यादीत "भाजी" लिहायच्या
अगदी तसा.

परवा सात तारीख झाली.
मी मोठ्यानं मोजले, दोनदा,
दुसऱ्यांदा आवाज चिरकला.
माझी चिठ्ठी ट्रेमधून काढली,
परत टाकली.
एवढं सगळं एकदम जमत नाही मला.

गोवंडीची नवी पोरगी, मिनाज,
वहीवर वाकून नावं वाचत होती.
"ताई, ही अनसूया कोण?"
"आहे एक. लांब राहते."
"कधी येते?"
मी म्हटलं, चादर धर.

तिच्या नावापुढची जागा संध्याकाळपर्यंत कोरीच होती.
पाचशे रुपये.
पर्समध्ये ते वेगळ्या कप्प्यात होते,
चपला घ्यायच्या होत्या मला.
ड्यूटी संपता संपता बाकावर बसून सही केली.
माझा भ तसा नीट येतो.
मुद्दाम फोडून लिहिला.